घरी सोडल्यानंतरचे तास

ही मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला नाव दिलेलं नाही, कारण ती कोणी एक मुलगी नाही. ओटीपोटावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आणि त्यात आतड्याला झालेली इजा वेळेवर कळली नाही, तर पुढे काय होत जातं, याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत अनेक आहेत. त्या नोंदींतला क्रम इथे एका मुलीवर, महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात, सप्टेंबरच्या पावसात मांडला आहे. गाव, घर आणि माणसं कल्पित आहेत. शरीरात घडणारं काहीही कल्पित नाही. शून्य तास म्हणजे शनिवारी पहाटेचे चार. तिथून मागे मोजायचं.

९६ तास आधी : मंगळवार, पहाटे ४

उजवीकडे, बेंबीच्या खाली, झोपेतून उठवणारी कळ येते. जाते, पुन्हा येते. दोन उलट्या होतात. पाळी सुरू होऊन वर्षही झालेलं नाही, त्यामुळे आईच्या मनात आधी तेच येतं. ओवा, गरम पाण्याची पिशवी. आजी म्हणते, पित्त झालं असेल.

मुलीच्या उजव्या अंडाशयात एक गाठ आहे आणि गाठीच्या वजनाने ते अंडाशय स्वतःच्या देठाभोवती फिरलं आहे. पीळ बसला की आधी शिरा दाबल्या जातात. रक्त आत येत राहतं, बाहेर जात नाही. अंडाशय सुजतं, काळवंडतं, आणि मग धमनीही बंद होऊ लागते. डावीकडे मोठ्या आतड्याने जागा अडवलेली असते, म्हणून हा पीळ उजवीकडे जास्त पडतो आणि अपेंडिक्स समजला जातो.

९२ तास आधी : मंगळवार, सकाळी ८

गावातले डॉक्टर पोट दाबून बघतात. अपेंडिक्सची शंका. नुसतं इंजेक्शन देऊन घरी न पाठवता ते सोनोग्राफीची चिठ्ठी देतात. इथे तीन-चार तास वाचले.

८८ तास आधी : मंगळवार, दुपारी १२

सोनोग्राफीत उजव्या अंडाशयात सात सेंटिमीटरची गाठ दिसते. रक्तप्रवाह तपासला तर थोडा आहे. प्रवाह दिसला म्हणजे पीळ नाही, असं मानून अनेक मुलींची एक-एक रात्र वाया गेलेली आहे. पीळ अर्धवट असतो, सुटतो, पुन्हा बसतो. पडद्यावर रंग दिसला तरी अंडाशय धोक्यात असू शकतं. सोनोग्राफी करणारे डॉक्टर जाणकार आहेत. रिपोर्ट हातात देऊन न थांबता ते स्वतः जिल्ह्याच्या ठिकाणी सर्जनला फोन लावतात.

८६ तास आधी : मंगळवार, दुपारी २

जिल्ह्याच्या गावी, खासगी रुग्णालयात, संमतिपत्रावर सही करायची वेळ येते आणि घरचे एकच गोष्ट विचारतात : दुर्बिणीने की पोट उघडून?

आजीला डागाची काळजी आहे. उद्या लग्नाच्या वेळी कोणी विचारलं तर काय सांगायचं? वडिलांना खर्चाची. आईला मुलीच्या दुखण्याची. आजीच्या प्रश्नावर हसण्यासारखं काही नाही. ओटीपोटावर चिरा म्हणजे गर्भाशयाचं काहीतरी, आणि गर्भाशयाचं काहीतरी म्हणजे मूल होणार नाही, असा हिशोब आजही स्थळ बघताना होतो. तो हिशोब चुकीचा आहे. पण तो सोसावा मुलीलाच लागतो.

सर्जन सांगतात ते बरोबर आहे. पोट उघडायचं झालं तर ओटीपोटावर आडवा चिरा. हरमन फानेनश्टील या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९०० मध्ये त्याचं वर्णन केलं आणि आजही बहुतेक सिझेरियन त्याच चिऱ्यातून होतात. त्यातून हात आत जातो, आतडं बोटांनी चाचपता येतं, सगळं एका नजरेत दिसतं. पण जखम मोठी. ती पिकू शकते, चिऱ्याजवळच्या नसा दुखावल्या तर मांडीच्या सांध्याशी बधिरपणा किंवा ठणका राहतो, मुलगी आठवडाभर वाकून चालते. आणि आत चिकटे धरतात. आतडं, गर्भनलिका, अंडाशय एकमेकांना चिकटणं तेरा वर्षांच्या मुलीला परवडणारं नसतं. तिचं सगळं पुढचं आयुष्य त्या नलिकांवर अवलंबून आहे. दुर्बिणीत हे सगळं कमी होतं. दुखणं कमी, रक्त कमी जातं, चिकटे कमी, घरी लवकर.

ही पद्धत आता नवखीही राहिलेली नाही. जर्मनीत कील इथे कुर्ट झेम यांनी १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, तेव्हा त्यांच्याच व्यवसायातल्या लोकांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली होती. आपल्याकडे मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९७२ पासून दुर्बिणीने पोट तपासायला सुरुवात केली आणि १९९० मध्ये भारतातली दुर्बिणीतली पहिली पित्ताशयाची शस्त्रक्रियाही त्यांनीच केली. आता जिल्ह्याजिल्ह्यात ती होते, आणि होते हे चांगलंच आहे.

मुलींमध्ये पोट उघडूनच करावं असं एक ठळक कारण असतं : गाठ कर्करोगाची असण्याची शंका. तशी गाठ फुटली, आतला द्रव पोटात सांडला, तर आजाराची पायरीच वर जाते. म्हणून ती अखंड बाहेर काढावी लागते. या मुलीची गाठ पाण्याने भरलेली, पातळ भिंतीची आहे. शंकेला जागा नाही. दुर्बीण हाच योग्य निर्णय, आणि तो घेतला जातो.

"टाके दिसणार नाहीत ना?" आजी पुन्हा विचारते.

"तीन छोटी भोकं, आजी. परवा घरी."

घरचे लक्षात ठेवतात ती एवढीच दोन वाक्यं. संमतिपत्रावर आतड्याला, मूत्राशयाला, रक्तवाहिनीला इजा होऊ शकते, असं छापलेलं आहे. ते कोणी वाचून दाखवत नाही. आणि इजा झाली तर ती कोणत्या दिवशी, कशी दिसेल, हे तर छापलेलंही नाही.

८४ तास आधी : मंगळवार, दुपारी ४

लहान वयाच्या पोटात दुर्बीण घालणं हे मोठ्यांपेक्षा नाजूक काम. पोटाची भिंत पातळ, दाबली तर आत जाणारी. बेंबी आणि पाठीच्या कण्यावरची महाधमनी यांत अंतर अगदी थोडं. वय जितकं लहान, तितकं मूत्राशय वर, पोटातच. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांतल्या मोठ्या इजांपैकी जवळपास निम्म्या आत शिरतानाच होतात, म्हणून हे सर्जन आंधळेपणाने सुई न खुपसता बेंबीपाशी छोटा छेद घेऊन, थर डोळ्यांनी बघत आत जातात. कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात. मोठ्यांपेक्षा कमी दाब ठेवतात. बाजूला पाच-पाच मिलिमीटरची दोन भोकं.

अंडाशय जांभळं-काळं पडलेलं, दोन वेढे बसलेले. पूर्वी असं अंडाशय काढूनच टाकत. पीळ सोडवला तर देठातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात जाईल अशी भीती होती. ती खरी ठरली नाही. काळं दिसणारं अंडाशयही बहुतेक वेळा पुन्हा जगतं, असं दिसून आलं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये किशोरवयीन मुलींसाठी स्पष्ट सांगितलं आहे की पीळ सोडवा, अंडाशय ठेवा. इथे तेच होतं. वेढे सुटतात. दहा मिनिटांत काळ्यातून लालसर छटा वर येते. बारा तासांच्या आत पोहोचलेली मुलगी, वाचलेलं अंडाशय. थिएटरमधल्या सगळ्यांना मनापासून बरं वाटतं.

८३ तास आधी : मंगळवार, संध्याकाळी ५

गाठ सोलून काढताना बारीक रक्तस्राव होतो. विजेच्या हुकने तो थांबवला जातो. हुकच्या लांब दांड्याला इन्सुलेशन असतं, फक्त टोक उघडं. हा दांडा असंख्य वेळा धुतलेला, निर्जंतुक केलेला आहे, आणि त्याच्या मध्यावर इन्सुलेशनला केसाएवढी चीर आहे. कॅमेरा टोकाकडे बघतोय. चीर कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर आहे आणि तिला लहान आतड्याचं एक वेटोळं टेकलेलं आहे.

एखादा सेकंद. आतड्यावर मुगाएवढा फिकट डाग उमटतो.

भोक पडलेलं नाही, रक्त नाही, विष्ठा नाही. शेवटी सर्जन कॅमेरा फिरवून सगळं पोट बघतात. तो डाग वेटोळ्याच्या मागच्या बाजूला आहे. दिसत नाही. टाके घातले जातात, मुलांमध्ये पाच मिलिमीटरच्या भोकातूनही आतली चरबी बाहेर येऊ शकते म्हणून तिथलाही आतला थर शिवला जातो. काम नीट झालं आहे.

सुईने किंवा टोकदार नळीने आतडं भोसकलं गेलं तर ते सहसा पहिल्या एक-दोन दिवसांतच बोलतं. भाजलेलं आतडं तसं नसतं. भाजलेला भाग आधी मरतो, मग मऊ पडतो आणि मग सुटतो. यात तीन ते पाच दिवस, कधी त्याहून जास्त जातात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात स्त्रीरोगाच्या दुर्बिणीच्या सुमारे ७७० शस्त्रक्रियांमागे एक आतड्याची इजा आढळली. प्रमाण कमी आहे. पण त्या इजांपैकी साधारण ४० टक्के टेबलावर ओळखल्या गेल्या नव्हत्या. जिथे इजा लगेच कळली तिथे कोणीही दगावलं नाही. उशिरा कळलेल्यांमध्ये मात्र साधारण ३० जणींमागे एक गेली. ते आकडे मोठ्या बायकांचे आहेत. मुलींवर अशा शस्त्रक्रिया कमी होतात, म्हणून डॉक्टरांनाही असा प्रसंग क्वचित भेटतो आणि चटकन आठवत नाही.

७८ तास आधी : मंगळवार, रात्री १०

"आई, खांदा दुखतोय."

ऑपरेशन पोटाचं आणि दुखतो खांदा, म्हणून आई घाबरते. सिस्टर समजावतात की उरलेल्या गॅसने पोट आणि छाती यांमधला पडदा चाळवतो, त्याची नस मानेतून येते, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. दोन दिवसांत जाईल. हे अगदी खरं आहे. आईच्या मनात मात्र एवढंच बसतं की दुखणं गॅसचं असतं.

६० तास आधी : बुधवार, दुपारी ४

मुलगी चालते, पेज पिते, मैत्रिणीला मोबाइलवरून टाके दाखवते. नाडी मिनिटाला ८२.

४२ तास आधी : गुरुवार, सकाळी १०

डिस्चार्ज. तक्त्यावर सकाळची नाडी ९६ लिहिलेली आहे. तेरा वर्षांच्या मुलीला ९६ म्हणजे चुकीचं काही नाही. पण आदल्या दिवशीचे ८२ आणि आजचे ९६ शेजारी ठेवून कोणी बघत नाही. ताप नाही, वेदनाशामक गोळी चालू आहे आणि ती ताप दाबते. आज नाश्ता अर्धा टाकलाय, घरी जायच्या उत्साहात असेल.

माझ्या मते, दोन पद्धतींमधला खरा फरक चिऱ्याच्या लांबीत नाही, तो इथे आहे. पोट उघडून शस्त्रक्रिया झाली असती तर ही मुलगी गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी वॉर्डात असती. दर काही तासांनी कोणीतरी तिचं मनगट धरलं असतं, पोट चाचपलं असतं, लघवी किती झाली विचारलं असतं. जखम पिकली असती तरी ती सिस्टरच्या डोळ्यांसमोर पिकली असती. दुर्बिणीने गुंतागुंतीचं प्रमाण कमी केलं, हे निर्विवाद. पण उरलेली गुंतागुंत आता घरी होते, जिथे नाडी मोजणारं कोणी नाही. वॉर्डातले तीन दिवस आपण वाचवले आणि त्या तीन दिवसांतली नजर घरी पाठवायला विसरलो.

डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय : त्रास झाल्यास संपर्क साधावा. त्रास म्हणजे काय, ते लिहिलेलं नाही.

३३ तास आधी : गुरुवार, संध्याकाळी ७

मऊ भात, मेतकूट, तूप. दोन घास खाऊन ती ताट सरकवते. डाव्या बाजूच्या टाक्यापाशी दुखतंय म्हणते. बाकीचे दोन टाके दुखत नाहीत. पोट थोडं फुगलंय.

"गॅस असेल," आई म्हणते. तिला तसंच सांगितलेलं आहे.

एकाच भोकापाशी, बाकीची भोकं शांत असताना, वाढत जाणारं दुखणं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मूत्ररोग शल्यचिकित्सकांनी दुर्बिणीतल्या आतड्याच्या इजा तपासून एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली. या रुग्णांचं पोट लाकडासारखं कडक होत नाही, फार ताप चढत नाही, उलट्याही फारशा नसतात. म्हणजे पोट फुटल्याची जी लक्षणं प्रत्येक डॉक्टर शिकलेला असतो, ती बहुधा नसतातच. असतं ते इजेच्या जवळच्या भोकापाशी दुखणं, फुगलेलं पोट, जुलाब, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढण्याऐवजी घटणं. या चार गोष्टी मला प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर मराठीत छापलेल्या हव्या आहेत.

२४ तास आधी : शुक्रवार, पहाटे ४

दोन पातळ जुलाब. काल भेटायला आलेल्या आत्याने आणलेल्या पेढ्यांवर दोष जातो. ओटीपोटात साचू लागलेला दाह गुदाशयाला डिवचतो आणि जुलाब होतात, हे कोणाला सुचावं? पोटाचं ऑपरेशन बिघडलं तर शौचाला होणार नाही, अशीच सगळ्यांची समजूत असते. झालं म्हणजे पोट साफ झालं.

१८ तास आधी : शुक्रवार, सकाळी १०

आई रुग्णालयात फोन करते. सर्जन थिएटरमध्ये आहेत. स्वागतकक्षातली मुलगी विचारून सांगते म्हणते आणि सांगतेही : गॅसची गोळी द्या, साखर-मिठाचं पाणी पाजा, सोमवारी टाके दाखवायला या.

या घटनाक्रमात एकच क्षण बदलता आला असता, तर मी हा निवडला असता. शस्त्रक्रियेला ६६ तास झालेत. आतड्याची भिंत पातळ पडली आहे, कदाचित झिरपूही लागली आहे, पण रक्तदाब चांगला आहे, मूत्रपिंडं काम करताहेत. आज दुपारी सीटी स्कॅन झाला असता, संध्याकाळी पुन्हा दुर्बीण घालून बघितलं असतं, तर कदाचित एका छोट्या दुरुस्तीवर भागलं असतं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दर काही तासांनी आधीपेक्षा बरा दिसला पाहिजे. तो जिथे होता तिथेच थांबला तरी तपासावं. मागे गेला तर थांबूच नये. हे दुर्बिणीचं काम करणाऱ्या सर्जनांना ठाऊक असतं. फोन उचलणाऱ्या मुलीला ते कोणी शिकवलेलं नसतं, आणि त्यात तिचा दोष नाही.

१४ तास आधी : शुक्रवार, दुपारी २

जिल्ह्याचं गाव लांब, पाऊस लागलेला. गावातलेच डॉक्टर. मुलगी गुडघे पोटाशी घेऊन, न हलता पडून आहे. पोट फुगलेलं पण मऊ. ताप शंभर. नाडी १२४, जुलाबाने पाणी कमी झालं असेल. सलाइन लावतात, रक्त तपासायला पाठवतात.

१० तास आधी : शुक्रवार, संध्याकाळी ६

पांढऱ्या पेशी २,८००.

सप्टेंबर महिना, गावात डेंग्यूची साथ. ताप, पोटदुखी, कमी झालेल्या पांढऱ्या पेशी. डॉक्टर जे म्हणतात ते त्यांच्या जागी दहातल्या नऊ जणांनी म्हटलं असतं : "डेंग्यूची टेस्ट करून घेऊ. उद्या पुन्हा प्लेटलेट बघू." जंतुसंसर्ग वाढत गेला की आधी पांढऱ्या पेशी वाढतात, तो फार झाला की त्या लढाईतच खर्च होतात आणि आकडा कोसळतो. हा आकडा मुलगी हरत असल्याचा होता. आणि तो तर त्या चार लक्षणांपैकी चौथा.

मंगळवारी वेळ न दवडता सोनोग्राफीला पाठवलं ते याच डॉक्टरांनी. आज चुकले, कारण त्यांच्याकडे असलेल्या कागदावर फक्त "शस्त्रक्रिया यशस्वी" एवढं आहे. विजेची उपकरणं वापरली, अमुक दिवसांपर्यंत अमुक गोष्टीवर लक्ष ठेवा, असं त्यांना कोणी कळवलेलं नाही.

५ तास आधी : शुक्रवार, रात्री ११

हातपाय गार. पोट तापलेलं. सकाळपासून लघवी एकदाच, तीही गडद. मुलगी आईला आजी म्हणून हाक मारते. वडील १०८ लावतात.

२ तास आधी : शनिवार, रात्री २

वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, अपघात विभाग. निवासी डॉक्टरांना वडील डेंग्यूचा रिपोर्ट दाखवतात. ऑपरेशनचा कागद घरी राहिलाय. मुलीला कुशीवर वळवताना त्या डॉक्टरांच्या नजरेस बेंबीवरची पट्टी पडते.

"हे कधीचं?"

"मंगळवारचं. पण ते दुर्बिणीचं आहे मॅडम, छोटं."

डॉक्टर पुढे काही विचारत नाहीत. नाडी १५२, श्वास ३८, ओठ कोरडे. पण रक्तदाब ९८, आणि नवख्या माणसाला तो धीर देणारा वाटला असता. मुलांचं शरीर रक्तदाब फार वेळ टिकवून धरतं. हृदय पळवून, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून. मुलांमध्ये तो पडतो तो अगदी शेवटी. पहिल्या तासातच प्रतिजैविकं दिली जातात, सलाइन चालू होतं. उभं धरून काढलेल्या एक्स-रेत उजव्या पडद्याखाली काळी कोर दिसते. दुर्बिणीसाठी भरलेला कार्बन डायऑक्साइड शरीर लवकर शोषून घेतं; साडेतीन दिवसांनी एवढा वायू तिथे उरत नाही. तो आतड्यातून आला आहे.

शून्य : शनिवार, पहाटे ४

थिएटरच्या दारात रक्तदाब ६० वर येतो. नाडी मनगटावर लागत नाही. भूलतज्ज्ञ मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालतात, रक्तदाब वाढवणारी औषधं चालू होतात, श्वासनलिकेत नळी जाते.

मग पोट उघडलं जातं. बेंबीच्या वरून जघनास्थीपर्यंत, उभा, लांब चिरा. जो चुकवण्यासाठी सगळा खटाटोप, त्याच्या दुप्पट लांबीचा. पू, पित्त, विष्ठा. लहान आतड्यावर मसुराएवढं भोक आणि त्याच्या कडेने पांढरी, मेलेली कड. तेवढा भाग कापून, आतड्याचं तोंड पोटावर बाहेर आणलं जातं; तिथे पिशवी लागेल. उजवं अंडाशय गुलाबी आहे, जिवंत आहे. त्याच्याभोवती आणि दोन्ही गर्भनलिकांवर पुवाचा जाड थर बसला आहे.

त्यानंतर

ती जगते. व्हेंटिलेटरवर चार दिवस, अतिदक्षता विभागात अकरा. चिरा पिकतो, महिनाभर ड्रेसिंग. पिशवी तीन महिन्यांनी, तिसऱ्या शस्त्रक्रियेत बंद होते. शाळेचं वर्ष जातं. नलिकांचं काय झालं, ते ती मोठी झाल्यावर कळेल.

यातून दुर्बिणीला दोष देणारा कोणी निष्कर्ष काढला तर तो चुकीचा ठरेल. माझी मुलगी असती आणि तिला असा पीळ पडला असता, तर मी दुर्बीणच निवडली असती. मंगळवारी झालेला प्रत्येक निर्णय बरोबर होता. इन्सुलेशनची चीर तपासण्याची यंत्रं मिळतात, ती प्रत्येक थिएटरने वापरावीत. तरीही काही इजा होतील आणि काही दिसणार नाहीत. गुरुवार संध्याकाळ ते शुक्रवार रात्र या काळात जे घडलं ते मात्र पूर्णपणे टाळता येण्यासारखं होतं.

म्हणून घरच्यांना सांगणं आहे. मुलीवर दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली असेल तर पहिला आठवडा सकाळ-संध्याकाळ तिच्या मनगटावर बोट ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा आणि लिहून ठेवा. आकडा चढत गेला, एकाच टाक्यापाशी दुखणं वाढलं, पोट फुगलं, जेवण सुटलं, जुलाब लागले, लघवी कमी झाली, तर सोमवारची वाट बघू नका. डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन निघा. ऑपरेशन केलेलं रुग्णालय लांब असेल तर जिथे सर्जन आहे अशा कुठल्याही रुग्णालयात जा आणि डेंग्यू, पित्त, पेढे यांच्याआधी सांगा की पोटाचं ऑपरेशन होऊन इतके दिवस झाले आहेत.

आणि शस्त्रक्रिया करणाऱ्यांना विनंती आहे. दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी घरी फोन करा. तो रुग्णालयातून जायला हवा आणि जाणत्या सिस्टरने किंवा डॉक्टरने करायला हवा. घाबरलेल्या आईने स्वागतकक्षात फोन करण्यावर ते सोडू नका.